तारीख २३, तिथी सप्तमी

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५
नागपूर

आज नागपुरात तान्हा पोळा (मुलांचा, लाकडी बैलांचा पोळा), मारबत (इडापिडा घालवायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक) आणि राष्ट्रीय अंतराळ दिन असं सगळं एकाच दिवशी आलं. त्यात श्रावणातली अमावास्या, सकाळी साडेअकराच्या सुमारास संपलेली. दोन वर्षांपूर्वी याच तारखेला आपलं चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, आणि आज त्या दिवसाचा सोहळा असताना आकाशात चंद्रच नाही. ढग नसते तरी दिसला नसता.

गुरुवारपासून हे मनात घोळतंय, म्हणून आज नीट लिहून काढते.

पोळा आणि मारबतीच्या सुट्ट्या लागून आल्या, त्यामुळे शाळेत आम्ही अंतराळ दिन गुरुवारीच साजरा केला. यंदाचा विषय होता ‘आर्यभट्ट ते गगनयान’. व्हरांडाभर चित्रं लागली होती. मागच्या वर्षी नुसती रॉकेटं आणि तिरंगे होते, यंदा निम्म्या चित्रांत अंतराळवीर शुभांशू शुक्ला. जून-जुलैत ते अंतराळ स्थानकावर राहून आले, ते मुलांनी मनावर घेतलेलं दिसलं. सहावीच्या मुलींनी चांद्रयान-३ मधलं विक्रम हे यान चंद्रावर उतरतानाचा प्रसंग बसवला होता. दोघींनी ओढणी तिरपी ताणून धरली आणि त्या उतारावरून पुठ्ठ्याचा प्रज्ञान, म्हणजे विक्रमच्या पोटातली चाकांची गाडी, हळूहळू खाली आणला. खरा प्रज्ञान सेकंदाला एक सेंटिमीटर चालायचा, म्हणून त्यांनीही घाई केली नाही. सगळा हॉल थांबून बघत होता. मला फार आवडलं ते.

मग प्रोजेक्टरवर दोन वर्षांपूर्वीची ती शेवटची १९ मिनिटं लावली. आता आठवीत असलेली मुलं तेव्हा सहावीत होती. याच हॉलमध्ये, याच सतरंजीवर बसून त्यांनी ते थेट पाहिलं होतं. त्या दिवशी शाळा सुटून गेली होती, पण मुलं घरी दप्तर टाकून परत आली, येताना आई-बाबांनाही घेऊन आली. कोणाचे वडील ऑटो बाहेर उभा करून आले, कोणाची आई धुणीभांडी आटोपून थेट आली. पावणेसहाच्या सुमारास यान ३० किलोमीटर उंचीवरून उतरायला लागलं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ १.७ किलोमीटर होता, म्हणजे तासाला सहा हजार किलोमीटर. तो वेग शून्यावर आणायचा होता आणि वाटेत इथून कोणीही हात लावू शकणार नव्हतं. सगळे निर्णय यानाचे यानानं घ्यायचे. पडद्यावर उंची दोन किलोमीटरच्या जवळ आली तेव्हा आम्ही सगळ्या शिक्षिका एकमेकींकडे बघत होतो, कारण ७ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चांद्रयान-२ चं २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं आणि त्यानंतर संपर्क तुटला होता. या वेळी पडद्यावरची यानाच्या वाटेची रेष थांबली नाही. ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरला आणि शाळेच्या शिपाईमामांनी घंटा वाजवली, कोणी न सांगता.

मुलांना मी दर वेळी २०१९ आणि २०२३ च्या मधल्या चार वर्षांबद्दल सांगते. टाळ्यांच्या दिवसापेक्षा मला ती चार वर्षं मोठी वाटतात. ‘काय काय चुकू शकतं’ असं विचारत यान पुन्हा बांधलं गेलं. आधी अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यात उतरायचं ठरलं होतं, ती जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतकी मोठी केली. पाय मजबूत केले, इंधन जास्त दिलं, संगणकाच्या प्रणालीला चुका सावरायची मोकळीक दिली. परीक्षेत नापास झालेल्या मुलासमोर बसून हे सांगावं इतकं ते खरं आहे.

तर गुरुवारी हे सगळं झाल्यावर आठवीतली एक मुलगी उठली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी. म्हणाली, “मॅडम, विक्रम उतरला ते जागा आपल्याले इथून दिसते का?”

विक्रम दिसणार नाही, पण जागा दिसते, असं मी सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न आला, “मंग आज रात्री दाखवता का?”

आज रात्री चंद्र नाही गं. उद्या नाही, परवा नाही.

हॉलमध्ये एवढी रॉकेटं, एवढी भाषणं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो दाखवायला नाही. पोरीचा चेहरा पडला. आपण हा दिवस तारखेला धरून बसलो आहोत. चंद्राला तारीख माहीत नाही, त्याला तिथी माहीत आहे.

मी हे श्रद्धेचं म्हणून म्हणत नाहीये, निव्वळ भूगोलाचं आणि गणिताचं आहे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. म्हणजे सप्तमी चालू असते तेव्हा तो सूर्यापासून ७२ ते ८४ अंशांवर असतो. २३ ऑगस्ट २०२३ ला श्रावण शुद्ध सप्तमी होती. आणि ती काही योगायोगानं नव्हती. विक्रम आणि प्रज्ञान सौरऊर्जेवर चालणारे, म्हणून ते उतरतील तिथे नुकतीच सकाळ उजाडलेली हवी होती. चंद्रावरचा एक दिवस आपल्या जवळजवळ १४ दिवसांचा, तो पुरता हाती लागावा म्हणून. यान १४ जुलैलाच श्रीहरिकोट्याहून निघालं होतं, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत पोचलं होतं, आणि मग ते त्या सकाळपर्यंत चंद्राभोवती फिरत राहिलं. सूर्य मावळायच्या आत, २ सप्टेंबरला प्रज्ञानला आणि ४ सप्टेंबरला विक्रमला झोपवलं. २२ सप्टेंबरच्या सुमारास तिथे पुन्हा उजाडलं तेव्हा हाका मारून पाहिल्या, उत्तर आलं नाही.

म्हणजे दर महिन्याच्या शुद्ध सप्तमीला शिवशक्ती या, विक्रम उतरला त्या ठिकाणावर साधारण तशीच सकाळ असते, तसंच तिरपं ऊन असतं. मुलांना तो क्षण दाखवायचा असेल तर सप्तमीच धरायला हवी.

नागपूरला तर हे नवीन नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, तो दिवस विजयादशमीचा होता. १४ ऑक्टोबर आपण विसरत नाही, पण दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर येतो तो अशोक विजयादशमीला. एकच घटना तारखेनंही मनात ठेवायची आणि तिथीनंही, हे या शहराला चांगलं जमतं. मग चंद्राच्या बाबतीत का नाही?

दुपारी लिहिताना मध्येच उठावं लागलं. बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची ओवाळणी, मागायला मुलं आली होती. लाकडी बैल सजवलेले, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. एका पोट्ट्यानं बैलाच्या पाठीवर थर्माकोलचं रॉकेट बांधलं होतं. मी त्याला दहा रुपये जास्तच दिले. त्याआधी सकाळी इतवारीकडे जाऊन मारबत बघून आले. काळी आणि पिवळी मारबत, मागे बडगे नावाचे पुतळे, आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’चा तो गजर. या गर्दीला कोणी निमंत्रणपत्रिका देत नाही, कोणी खुर्च्या मांडत नाही. इंग्रजांच्या काळापासून हा सण रस्त्यावर आहे आणि म्हणून जिवंत आहे. आपला अंतराळ दिन मात्र अजून हॉलमध्ये, व्यासपीठासमोर आहे. तो बाहेर मैदानात यायला हवा, लोकांच्या पायांत मिसळायला हवा, असं मला तिथे उभ्या उभ्या फार वाटलं.

बाबांना फोन केला. १९६९ मध्ये ते कॉलेजात होते. जग अपोलो ११ चा दिवस २० जुलैला साजरा करतं, पण बाबांसाठी तो कायम २१ जुलैच. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे पावणेदोन होऊन गेले होते, तारीख बदलली होती. आणि आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाय ठेवला तेव्हा आपल्याकडे सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं. सोमवार. टीव्ही तेव्हा फक्त दिल्लीत, नागपुरात रेडिओ. शेजारच्या काकांच्या रेडिओभोवती वाड्यातले सगळे दाटीनं उभे होते आणि कॉलेजला उशीर झाला तरी कोणी हललं नाही, असं बाबा सांगतात. पुढे महिन्याभरात, १५ ऑगस्ट १९६९ ला, इस्रोची स्थापना झाली. ही दोन वाक्यं ते नेहमी जोडून बोलतात, आणि बोलताना आवाज भरून येतो त्यांचा.

बघा ना, तारीख अमेरिकेत एक, नागपुरात दुसरी. चंद्राची कला मात्र त्या रात्री साऱ्या जगाला एकच होती. शुद्ध पक्षातला, अर्ध्याहून थोडा कमी चंद्र. त्यांनाही तिरपंच ऊन हवं होतं, म्हणजे खळग्यांच्या सावल्या लांब पडतात आणि उतरताना जमीन वाचता येते.

आणि आता जे लिहिते आहे ते नकाशा काढून नीट ताडून पाहिलं. अपोलो ११ उतरलं ते चंद्राच्या विषुववृत्ताजवळ, पूर्व रेखांश २३ च्या पुढे. विक्रम उतरला दक्षिण अक्षांश ६९ वर, पूर्व रेखांश ३२ वर. म्हणजे दोन्ही जागा चंद्राच्या एकाच अर्ध्या भागात आहेत, आणि सप्तमीच्या संध्याकाळी नेमका तोच अर्धा भाग उजळलेला असतो. नागपुरातून बघताना उजवी बाजू. मधोमध जो काळसर डाग दिसतो तो शांतिसागर, त्याच्या आतल्या बाजूला अपोलो. तिथून खाली सरकत अगदी दक्षिणेच्या कडेशी यायचं, तिथे विक्रम. दुर्बीण नसली तरी बोट दाखवता येतं. चौपन्न वर्षांच्या अंतरानं झालेल्या दोन घटना एकाच कोरीवर, एकाच नजरेत!

दोन्हीकडे आरसेही आहेत. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या परावर्तकावर अजून लेसर सोडतात, त्यावरूनच चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातोय हे मोजलं गेलं. विक्रमवर एक छोटा परावर्तक आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं सोडलेला लेसर त्यानं परत पाठवला. विक्रम झोपल्यानंतरची ही गोष्ट. ती मुलीला सांगायची राहिलीय, सोमवारी सांगते.

आणखी एक सांगायचंय, दगडाचं. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. अपोलो ११ नं साडेएकवीस किलो दगड-माती आणली, त्यात हा बेसाल्ट होता, साडेतीनशे कोटी वर्षांहून जुना. आपली सीताबर्डीची टेकडी बेसाल्टचीच. आपला लाव्हा त्या मानानं कालचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, पण खडकाची जात तीच. चंद्राचा उजळ भाग वेगळ्या खडकाचा आहे, आणि प्रज्ञाननं आपल्या उपकरणांनी तपासलेली माती त्या फिकट, प्राचीन कवचाशी जुळणारी निघाली. एकेकाळी सगळा चंद्र वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या कल्पनेला त्यानं बळ मिळालं. २६ किलोचं सहाचाकी यंत्र, पाचवीतल्या एखाद्या मुलीच्या वजनाचं, आणि चाललं जेमतेम १०० मीटर. मुलांना उन्हाचं सांगितलं की ती लगेच नागपूरच्या मे महिन्याशी ताडून बघतात. विक्रमच्या उपकरणाला पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर तापलेला सापडला, आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास. वीतभरही नाही! माती इतकी भुसभुशीत की ऊब आत उतरतच नाही.

तर ठरवलंय. पुढच्या वर्षी श्रावण शुद्ध सप्तमी १९ ऑगस्टला येते, आणि २३ तारखेलाही चंद्र एकादशीच्या आसपासचा, म्हणजे दोन्ही दिवस साधता येतील. पण श्रावणातल्या ढगांचा भरवसा नाही आणि त्या मुलीला वर्षभर थांबवायचं मला पटत नाही. कोणतीही शुद्ध सप्तमी चालेल. यंदा २९ सप्टेंबर, सोमवार, नवरात्रातली सप्तमी आहे. पाऊस बहुतेक ओसरलेला असेल, लोक तसेही संध्याकाळी बाहेर असतात. सूर्य सहानंतर लगेच मावळतो, साडेसहाला दक्षिणेकडे अर्धा चंद्र वर असेल.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंना विचारते. खर्च काहीच नाही. मैदान आपलं, सतरंज्या आपल्या. एका सहकाऱ्यांकडे पक्षी बघायची दुर्बीण आहे, ती ते नक्की देतील. बेसाल्टचा एक चांगला तुकडा मुलांच्या हातांतून फिरवायचा. पालकांना मुलांनीच चिठ्ठ्या लिहून बोलवायचं, वस्तीतल्या कोणालाही येऊ द्यायचं. आठवीच्या मुलांकडून आधी अर्ध्या चंद्राचं मोठं चित्र काढून घ्यायचं आणि त्यावर दोन्ही जागा त्याच मुलीनं खुणेनं दाखवायच्या. मैदानाच्या दक्षिण कोपऱ्यात मोठा दिवा आहे, तो तासाभरासाठी बंद ठेवायला महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज द्यावा लागेल. अर्जाचा मसुदा उद्याच लिहिते.