पिग्मीचा हिशोब आणि डिक्शनरीचा लूप: माझा अनुभव

2019 च्या मे महिन्यात 27,450 रुपयांच्या एका फरकापायी माझ्या सलग चार संध्याकाळी गेल्या, आणि इतका काळ लोटला तरी त्यांचा राग माझ्या मनातून पुरता गेलेला नाही. पैसे कुठेही गेले नव्हते, पावत्या जागेवर होत्या, एजंटांच्या वह्या जुळत होत्या. चूक होती ती माझ्याच प्रोग्रॅममधल्या चार ओळींच्या एका लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंदीवर तेच काम पुन्हा करणाऱ्या भागात, आणि राग आहे तो याचा, की त्या लूपने एकदाही एरर दाखवली नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी हिशोब पाहते आणि तिथले छोटे प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिते. पिग्मी ठेवीची महिन्याची वसुली गावनिहाय मांडण्यासाठी मी डिक्शनरी वापरते: गावाचे नाव ही ‘की’ आणि त्या गावाची रक्कम ही ‘व्हॅल्यू’. अशा जोड्यांवरून लूप फिरवायचा, प्रत्येक रक्कम बेरजेत मिळवायची आणि नाव छापायचे, एवढेच काम असते. जुन्या संगणकावर पायथन 2.7 होते. 1 जानेवारी 2020 नंतर त्याला सुधारणा मिळणार नाहीत हे जाहीर झालेले होते, त्यामुळे नव्या संगणकावर आम्ही 3.7 घेतले. प्रिंटला कंस लावणे वगैरे बदल एका दुपारी उरकले.

पहिली अडचण आली ती बंद खाती काढून टाकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आणि ती लगेच सुटली. लूप चालू असतानाच मी शून्य शिलकीच्या नोंदी डिलीट करत होते. 2.7 मध्ये ‘आयटम्स’ म्हटले की सगळ्या जोड्यांची वेगळी यादी तयार होऊन हातात येते, त्यामुळे मूळ डिक्शनरीतून काहीही काढले तरी फिरणे त्या यादीवरून सुरळीत चालते. 3 मध्ये मात्र ‘आयटम्स’ यादी देत नाही, तर मूळ डिक्शनरीकडे पाहण्याची जणू एक खिडकी देते, आणि आतली नोंद काढताच पुढच्या फेरीला ‘डिक्शनरी चेंज्ड साइझ ड्युरिंग इटरेशन’ असे सांगून प्रोग्रॅम थांबतो. ‘आयटम्स’भोवती ‘लिस्ट’ घातले की झाले. ही एरर मला आवडते, कारण ती चूक झाल्याबरोबर नेमक्या लूपवर बोट ठेवते.

पिग्मीच्या प्रोग्रॅमने अशी काहीच कुरकूर केली नाही, म्हणून मी त्याला हात लावला नाही, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

त्या लूपमध्ये आणखी एक काम होते. कऱ्हाड हे नाव युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, निरनिराळ्या पद्धतींनी टंकता येते. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडता येतो, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह घालता येते. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड सारखेच दिसतात, पण डिक्शनरीच्या लेखी ती दोन निराळी गावे असतात. आमच्या जुन्या फायलींत सगळीकडे दुसरा प्रकार होता. म्हणून लूप फिरत असतानाच मी जुने नाव ‘पॉप’ करून काढत असे आणि तीच रक्कम शुद्ध नावाखाली लगेच परत ठेवत असे. कऱ्हाडच्या तीन पेठांची नावे अशी बदलत होती. एक नोंद गेली आणि एक आली, त्यामुळे डिक्शनरीचा आकार तेवढाच राहिला. पायथन 3.7 फक्त आकार तपासते, आणि म्हणूनच ते गप्प बसले.

नोंदवहीची बेरीज 18,64,300 होती आणि प्रोग्रॅमची 18,91,750. पहिली संध्याकाळ पावत्या पुन्हा मोजण्यात गेली. दुसऱ्या दिवशी मी तीन गावांची नमुना डिक्शनरी करून पाहिली: कऱ्हाड, उंब्रज, मसूर. छापून चार ओळी आल्या आणि कऱ्हाड शेवटी पुन्हा आले. शुद्ध केलेले नाव नवी नोंद म्हणून रांगेच्या शेवटी जाते आणि लूप तिथवर पोचला की त्याची रक्कम दुसऱ्यांदा मिळवतो, हे लक्षात आले आणि मला हायसे वाटले. तीन पेठांची रक्कम 55,550 होती. ती वजा केली, तर बेरीज 18,36,200 झाली. आता 28,100 रुपये कमी पडत होते. त्या क्षणी जो वैताग आला, तो शब्दांत सांगणे अवघड आहे.

तिसऱ्या संध्याकाळी मी बेरीज बाजूला ठेवून ओळी मोजल्या. गावे आणि पेठा मिळून मूळ नोंदी 42 होत्या, तीन पुन्हा आल्या तर 45 ओळी हव्या होत्या, आणि कागदावर 44 होत्या. पेन्सिल घेऊन एकेक नावावर खूण केली तेव्हा उंब्रज सापडेना. उंब्रजची रक्कम बरोबर 28,100 होती. तीन गावांच्या नमुन्यात जे गाव व्यवस्थित छापले जात होते, ते 42 मधून नाहीसे झाले होते. मी नमुन्यात एकेक गाव वाढवत गेले. पाटण घालून चार केली, तरी उंब्रज होते. कोरेगाव घालून पाच केली आणि उंब्रज गेले: कऱ्हाड, मसूर, पाटण, कोरेगाव, आणि पुन्हा कऱ्हाड. वाई घालून सहा केली, तर उंब्रज परत आले.

याचे कारण चौथ्या संध्याकाळी, डिक्शनरीची आतली रचना वाचल्यावर कळले. पायथनची डिक्शनरी नोंदी एका रांगेत ठेवते आणि त्या रांगेची जागा ठरलेली असते. सुरुवातीला पाच नोंदी मावतात, पुढे एकेक नोंद वाढत गेली की 10, 21 आणि 42 अशा टप्प्यांनी जागा मोठी होते. काढलेल्या नोंदीची जागा रिकामीच राहते आणि नवी नोंद शेवटी बसते. शेवटी जागा नसेल, तर सगळी रांग मोठ्या जागेत हलते आणि हलताना मधल्या रिकाम्या जागा बुजवून नोंदी पुढे सरकतात. लूपला मात्र नावे आठवत नाहीत, त्याला फक्त ‘आता दुसऱ्या जागेवर जायचे’ एवढे ठाऊक असते. कऱ्हाड निघून रांग हलली तेव्हा दुसऱ्या जागेवरचे उंब्रज पहिल्या जागेवर आले होते, आणि लूप दुसऱ्या जागेवर, म्हणजे मसूरवर गेला. पाच नोंदींनी जागा काठोकाठ भरते, सहाव्या नोंदीपाशी ती आधीच मोठी झालेली असते. आमच्या नोंदी नेमक्या 42 होत्या. एखादे गाव जास्त असते, तर फक्त दुबार मोजणीचाच दोष दिसला असता आणि तो मी पहिल्याच फटक्यात ओळखला असता.

पायथन 3.8 पासून ‘डिक्शनरी कीज चेंज्ड ड्युरिंग इटरेशन’ अशी नवी एरर आली आहे. पण ती लूपच्या फेऱ्या मूळ नोंदींपेक्षा जास्त होऊ लागल्या तरच येते. माझ्या पाच गावांच्या नमुन्यात एक गाव गळते आणि एक दोनदा येते, फेऱ्या पाचच होतात, आणि प्रोग्रॅम तसाच गुपचूप संपतो. त्या दोन गावांची रक्कम सारखी असती, तर बेरीजही जुळली असती. म्हणून नव्या आवृत्तीवर विसंबून राहू नये, असे मी आग्रहाने सांगते.

आता मी जुन्या डिक्शनरीवरून फिरते, तिला हात लावत नाही, आणि शुद्ध नावे एका नव्या रिकाम्या डिक्शनरीत भरते. शुद्ध नाव तिथे आधीच असेल, तर रक्कम त्यात मिळवते. ‘लिस्ट’ घालूनही काम भागते, पण दोन डिक्शनऱ्या समोर असल्या की आधी आणि नंतर काय होते, हे पडताळून पाहता येते. बेरजेआधी दोन्हींची ‘लेन’, म्हणजे नोंदींची संख्या, छापून घ्यावी. माझी एक संध्याकाळ त्यानेच वाचली असती.

शुद्ध नावासाठी पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधले, अक्षरे एकसारखी करणारे ‘नॉर्मलाइझ’ पुरेल असे समजू नये. र आणि खालचा नुक्ता असे लिहिलेले अक्षर त्यातल्या एनएफसी, म्हणजे सुटे भाग जोडण्याच्या, पद्धतीने ‘ऱ’ होते, पण जॉइनर घातलेला प्रकार तसाच राहतो. तो ‘रिप्लेस’ने स्वतः बदलावा लागतो.

‘डिफॉल्टडिक्ट’ हा डिक्शनरीचा प्रकार वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. त्यात नसलेली ‘की’ चौकोनी कंसात नुसती विचारली तरी तिची नोंद तयार होते, आणि हे लूपमध्ये घडले की आकार बदलल्याची एरर येते. तिथे ‘गेट’ने विचारावे. आणि ‘की’ व ‘व्हॅल्यू’साठी दोन नावे घेऊन लूप लिहिताना ‘आयटम्स’ विसरले, तर पायथन गावाचे नावच फोडू पाहते. ‘वाई’ आपल्याला दोन अक्षरांचे दिसते, पण संगणकाच्या हिशोबी त्यात व, काना आणि ई असे तीन घटक असतात, त्यामुळे जास्त व्हॅल्यू आल्याची तक्रार होते.

नव्या पद्धतीने चालवलेल्या पहिल्याच फेरीत 42 ओळी आल्या आणि बेरीज 18,64,300 झाली. कऱ्हाडच्या सोमवार पेठेखालच्याच ओळीवर उंब्रज होते. तो कागद मी त्या महिन्याच्या फायलीत लावून ठेवला आहे.