एम्प्रेस प्लेस ते पुंगोल: सिंगापूरच्या राजकीय पक्षांच्या वाटेने

सिंगापूरचं राजकारण म्हणजे एकच पक्ष, असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. १९५९ पासून तिथे पीपल्स ॲक्शन पार्टी ऊर्फ पीएपीचंच सरकार आहे, तेव्हा त्यात खोटं काही नाही. पण त्या आधीच्या आणि नंतरच्या काही वर्षांत याच शहरात पक्ष उगवत होते, फुटत होते, एकमेकांना गिळू पाहत होते. तो इतिहास वाचल्यापासून ती ठिकाणं पायी फिरून बघायची माझी फार इच्छा होती. या खेपेला दुसरं काही ठरवलंच नाही.

सिटी हॉल स्टेशनातून बाहेर आलं की समोर पाडांगचं हिरवंगार मैदान लागतं. ५ जुलै १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सेनेची सलामी घेऊन ‘चलो दिल्ली’ची हाक दिली ती याच मैदानावर. शेजारच्या एस्प्लनेड पार्कात सेनेच्या स्मारकाच्या जागी एक छोटी खूण आहे. तिथे हात जोडून नदीच्या दिशेने चालू लागलो. पुढचा सगळा इतिहास अगदी थोड्या अंतरात एकमेकाला खेटून उभा आहे.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश परतले आणि १९४८ साली पहिली निवडणूक झाली. विधान परिषदेच्या २२ जागांपैकी फक्त सहा लोकांनी निवडायच्या, आणि मत फक्त ब्रिटिश प्रजाजनांना. त्यात तीन जागा मिळवणारी प्रोग्रेसिव्ह पार्टी ही इंग्रजी शिकलेल्या वकील-व्यापाऱ्यांची संघटना होती. चिनी शाळांतली मुलं, गोदीतले हमाल, बसचे कंडक्टर या सगळ्यांना त्या राजकारणात जागाच नव्हती. १९५५ साली मतदार यादी तीन लाखांच्या घरात गेली, ३२ पैकी २५ जागा निवडणुकीने भरायच्या ठरल्या, आणि शहराचा नूरच बदलला.

एम्प्रेस प्लेसची जुनी सरकारी इमारत आज एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम म्हणून ओळखली जाते. आतली दालनं मी भराभर पाहिली, कारण मला बाहेरच्या आवारात उभं राहायचं होतं. १९५५ च्या प्रचारात डेव्हिड मार्शल जेवणाच्या सुट्टीत इथल्या एका झाडाखाली भाषणं करायचे. ते त्याला ‘जुनं सफरचंदाचं झाड’ म्हणायचे. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या नावाने आहेत, त्याच बगदादी ज्यू समाजातले हे फौजदारी वकील. त्यांच्या लेबर फ्रंटने दहा जागा जिंकल्या आणि मार्शल सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. ब्रिटिश गव्हर्नर मात्र त्यांना साधी कचेरी द्यायलाही तयार नव्हते. मग मार्शलनी बजावलं, की त्या झाडाखाली टेबल टाकून कारभार सुरू करतो. तेव्हा कुठे जिन्याखालची एक खोली मिळाली. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाची ही किंमत! पुढच्या वर्षी लंडनमधल्या स्वराज्याच्या वाटाघाटी फिसकटल्या, आणि मार्शलनी शब्द पाळून राजीनामा दिला. आमदाराने ठरलेल्या वेळी लोकांना भेटून त्यांची गाऱ्हाणी ऐकायची, ही आज सिंगापूरमध्ये सर्वपक्षीय झालेली पद्धत त्यांनीच सुरू केली.

तिथून हाकेच्या अंतरावर व्हिक्टोरिया मेमोरियल हॉल आहे, आताचा कॉन्सर्ट हॉल. पीपल्स ॲक्शन पार्टीची स्थापना २१ नोव्हेंबर १९५४ ला इथे झाली. एका बाजूला पुढे पंतप्रधान झालेले ली क्वान यू आणि केंब्रिज-लंडनहून शिकून आलेले त्यांचे मित्र, दुसऱ्या बाजूला चिनी भाषिक कामगार संघटनांचे तरुण पुढारी. पहिल्यांना जनता हवी होती, दुसऱ्यांना कायद्याचं छत्र. १९५५ ला पक्षाने जिंकलेल्या तीन जागांपैकी एक लिम चिन सिओंगची होती. वय बावीस, आणि होक्कियन बोलीत असं बोलायचा की हजारो माणसं खिळून राहायची. माझ्या मते त्या काळातला सिंगापूरचा सर्वांत मोठा लोकनेता तोच, आणि आज तिथल्या रस्त्यांवरून फिरताना त्याचं नाव सर्वांत कमी दिसतं.

जुन्या संसद भवनात, म्हणजे आताच्या आर्ट्स हाउसमध्ये, १९५५ ते १९९९ पर्यंतचं सभागृह जपून ठेवलं आहे. दारापाशी सयामच्या राजाने भेट दिलेला ब्रॉन्झचा हत्ती उभा आहे. आत गेल्यावर मी बराच वेळ एका बाकावर बसून होतो. २१ जुलै १९६१ च्या पहाटे इथेच पीएपीचं सरकार विश्वासदर्शक ठरावावर तगलं. ५१ जणांच्या सभागृहात बाजूने २७, विरोधात ८, तटस्थ १६. मलायात विलीन व्हायचं का आणि कोणत्या अटींवर, या प्रश्नावर पक्ष मधोमध फाटला होता. तटस्थ राहिलेल्या आपल्या तेरा आमदारांना पक्षाने बाहेर काढलं आणि त्यांनी लिम चिन सिओंगच्या साथीने बारिसान सोशालिस हा नवा पक्ष काढला. पक्षाच्या ५१ पैकी ३५ शाखांच्या समित्या आणि २३ पैकी १९ पगारी संघटक त्यांच्याबरोबर गेले. सत्ताधारी पक्षाकडे सरकार उरलं, पण पक्ष उरला नाही, अशी अवस्था.

मग पीएपी टिकली कशी? एक उत्तर तिच्या घटनेत आहे. १९५७ साली डाव्या गटाने कार्यकारिणी जवळजवळ ताब्यात घेतली होती. त्यांच्या काही नेत्यांना तेव्हाच्या सरकारने पकडलं, म्हणून लींचा गट वाचला. त्यानंतर नियम झाला, की कार्यकारिणी निवडायचा हक्क फक्त निवडक ‘केडर’ सदस्यांना, आणि केडर कोण हे ठरवणार नेतृत्व. दुसरं उत्तर सरकारी यंत्रणेत आहे. १९६० साली स्थापन झालेल्या पीपल्स असोसिएशनने वस्तीवस्तीत कम्युनिटी सेंटर्स उभी केली आणि रिकाम्या पडलेल्या शाखांची जागा त्यांनी भरून काढली. तिसरं उत्तर २ फेब्रुवारी १९६३ च्या रात्रीचं. ‘ऑपरेशन कोल्डस्टोअर’मध्ये शंभराहून अधिक माणसं खटल्याविना तुरुंगात गेली, लिम चिन सिओंगही गेला. त्याच सप्टेंबरच्या निवडणुकीत पीएपीला ३७ आणि बारिसानला १३ जागा मिळाल्या. पुढारी बाहेर असते तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या सभागृहात बसल्यावर डोक्यातून जात नाही. पीएपीने पुढे घरं दिली, रोजगार दिला, स्वच्छ कारभार दिला, हे सगळं मला मान्य आहे. तरीही ती रात्र न्याय्य ठरत नाही.

दुपारी होंग लिम पार्कात गेलो. पीएपीने बाहेर काढलेल्या माजी महापौर ओंग एंग ग्वान यांनी १९६१ साली याच मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत पीएपीला धूळ चारली होती. २००० सालापासून इथे ‘स्पीकर्स कॉर्नर’ आहे, नोंदणी करून बोलायची मोकळीक असलेला. मी गेलो तेव्हा बोलणारं कोणी नव्हतं. शेजारच्या होंग लिम फूड सेंटरमध्ये मात्र पाय ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सेंटोसा. या बेटावर लोक पाण्याच्या घसरगुंड्यांसाठी जातात. मी गेलो ते चिआ थाय पोह यांच्यासाठी. १९६३ ला बारिसानकडून निवडून आलेले हे शिक्षक. १९६५ च्या डिसेंबरात बारिसानने संसदेवर बहिष्कार टाकला आणि १९६६ साली लढा रस्त्यावर न्यायचा ठरवला. त्याच ऑक्टोबरात चिआंना अटक झाली. आरोपपत्र नाही, खटला नाही. हिंसाचार सोडल्याची कबुली लिहून द्या आणि सुटा, असं सांगितलं गेलं. जे केलंच नाही ते सोडल्याचं लिहून कसं देऊ, म्हणून त्यांनी नकार दिला. तेवीस वर्षं कोठडीत काढल्यावर १९८९ ला त्यांना या बेटावर एका खोलीच्या चौकीत ठेवलं. १९९२ ला मुख्य बेटावर येऊ दिलं, आणि शेवटचे निर्बंध उठले ते १९९८ ला. त्या जागी मला कुठलीही पाटी दिसली नाही. किनाऱ्यावर मुलं खेळत होती. नेल्सन मंडेलांची सुटका जगाने पाहिली, आणि तेव्हा हा माणूस इथेच होता, या विचाराने मला गलबलून आलं.

बारिसानचा बहिष्काराचा निर्णय मात्र आत्मघातकी होता, हेही सांगायला हवं. १९६८ च्या निवडणुकीत ५८ पैकी ५१ जागा बिनविरोध झाल्या आणि सगळ्याच्या सगळ्या पीएपीने घेतल्या. मैदान सोडलं ते सोडलंच. १९७२, १९७६, १९८० मध्येही संसदेत विरोधी पक्षाचा एकही सदस्य नव्हता.

सेंटोसाहून परतताना हार्बरफ्रंटला जांभळी नॉर्थ ईस्ट लाइन पकडली. नकाशा बघताना लक्षात आलं, की विरोधी पक्षांच्या पुनरागमनाची जवळजवळ सगळी स्थळं या एका लाइनीच्या आसपास आहेत. पहिलं स्टेशन आउटरम पार्क. त्याच्या पलीकडे गोदीच्या बाजूला जुना ॲन्सन मतदारसंघ होता. इथले सदस्य देवन नायर राष्ट्रपती झाल्यामुळे ऑक्टोबर १९८१ मध्ये पोटनिवडणूक लागली. मार्शलनीच १९५७ साली काढलेली वर्कर्स पार्टी तोवर नावापुरती उरली होती. तिच्या वतीने उभे राहिलेले जे. बी. जेयारत्नम हे सिलोनी तमिळ वकील ६५३ मतांनी निवडून आले. पुढे खटले, दंड, १९८६ ला खासदारकी रद्द, वकिलीची सनद गेली. १९८८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सनदेच्या अपिलात त्यांच्यावर घोर अन्याय झाल्याचं म्हटलं. बदनामीच्या दाव्यांनी अखेर दिवाळखोर झालेला हा माणूस रस्त्यावर उभा राहून स्वतःची पुस्तकं विकायचा. ॲन्सन मतदारसंघ १९८८ च्या फेररचनेत नाहीसा झाला.

पोटोंग पासिरला उतरलो. उतरत्या छपरांच्या सरकारी इमारती, देवळाकडून येणारा नादस्वर, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत पत्ते खेळणारे म्हातारे. सिंगापूर डेमोक्रॅटिक पार्टीचे चिआम सी टोंग १९८४ साली इथून निवडून आले आणि २०११ पर्यंत हरले नाहीत. स्वतःच्या पक्षात बिनसलं तेव्हा ते सिंगापूर पीपल्स पार्टीत गेले, लोक त्यांच्यामागून गेले. शिवदुर्गा मंदिराबाहेर भेटलेल्या एका वयस्क तमिळ गृहस्थांना मी विचारलं, ‘अंकल, एवढी वर्षं त्यांनाच का?’ ते म्हणाले, ‘लग्न असो की मयत, चिआम यायचा. लिफ्टचं काम आमच्याकडे उशिरा आलं, ते चाललं.’

लिफ्टचा हा उल्लेख सहज आलेला नाही. जुन्या इमारतींतली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. १९९७ साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी उघड सांगितलं, की इमारतींच्या सुधारणेत पीएपीला मत देणाऱ्या वस्त्यांना प्राधान्य मिळेल. २००६ ला तर पोटोंग पासिरसमोर आठ कोटी डॉलरची योजना ठेवली गेली. तरी लोकांनी चिआमनाच मत दिलं. २०११ ला ते दुसरीकडून लढले आणि इथे त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. त्या ११४ मतांनी हरल्या.

हाउगांगची गोष्ट १९९१ पासूनची. वर्कर्स पार्टीचे लो थिया किआंग तिओच्यू बोलीत मतं मागून जिंकले, आणि ती जागा पक्षाने आजतागायत सोडलेली नाही. टाउन कौन्सिलमुळे गटारं, दिवे, झाडलोट हे सगळं खासदाराच्याच गळ्यात असतं. विरोधकांना त्यातून कारभार शिकायला मिळाला. १९८८ ला आलेल्या गट मतदारसंघांत मात्र एकदम तीन, पुढे कधी सहा, तर आता चार-पाच जणांचं पॅनेल उभं करावं लागतं, आणि त्यात एक तरी अल्पसंख्याक समाजातला हवा. अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व मिळालं हे चांगलंच झालं, पण छोट्या पक्षांना ती भिंत चढायला तेवीस वर्षं लागली. २०११ साली लो यांनी हाउगांगची हक्काची जागा सोडून अल्जुनिदमध्ये उडी घेतली आणि परराष्ट्रमंत्री जॉर्ज येओ यांच्या पॅनेलला हरवलं. २०२० ला सेंगकांगही मिळालं आणि प्रीतम सिंग यांना विरोधी पक्षनेता हे अधिकृत पद मिळालं.

रविवारी सकाळी बाजारापाशी वर्कर्स पार्टीची पोरं पक्षाचा ‘हॅमर’ हा अंक विकत होती. मी एक घेतला. २०२५ च्या निवडणुकीत तुम्ही ९७ पैकी २६ च जागा का लढवल्या, असं त्यांतल्या एकीला विचारलं. ‘जिथे वर्षानुवर्षं दारोदार फिरलो, तिथेच उभे राहतो,’ ती म्हणाली. त्या निवडणुकीत पीएपीला ८७ आणि वर्कर्स पार्टीला १० जागा मिळाल्या. बाकी पक्षांना एकही नाही.

लाइनचं शेवटून दुसरं स्टेशन पुंगोल. तरुण कुटुंबांची नवीकोरी वस्ती, कालव्याकाठचे रस्ते, कडेवर लेकरं. १९५५ साली पीएपीने जिंकलेल्या त्या पहिल्या तीन जागांतली एक पुंगोल-टॅम्पिनीस होती. २०२५ ला उपपंतप्रधान गान किम योंग यांना अर्ज भरायच्या दिवशी ऐनवेळी इथे आणलं गेलं, आणि पीएपीने ५५ टक्क्यांच्या थोडं वर मतं घेऊन पुंगोल राखलं.