माशाच्या अंड्याचं लिंग लिहा म्हणे!

ज्येष्ठमधाचा अर्क मेलॅनिन, म्हणजे कातडीचं काळं रंगद्रव्य, किती कमी करतो, हे उंदरांऐवजी झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशाच्या भ्रूणांवर बघायचं होतं. टाक्या, मासे, सूक्ष्मदर्शक सगळं महिन्याभरात जमलं. अडलं ते प्राणी-नीतिमत्ता समितीच्या अर्जात, तेही दोनदा. बेळगावात राहून न समजणाऱ्या कानडी अर्जांची सवय झालीय; हा इंग्रजीत असून डोक्यावरून गेला.

अर्ज उंदीर डोळ्यांपुढे ठेवून केलेला. वजन, वय, लिंग, पिंजरा. आवरणासकट सव्वा मिलिमीटरच्या अंड्याचं वजन ग्रॅममध्ये काय लिहिणार? लिंग तर या माशात काही आठवड्यांनी कळतं. मी रेघ मारली, अर्ज परत. रेघ मारू नका. "भ्रूण, या टप्प्यावर लिंग ओळखता येत नाही" असं लिहा आणि वजनाच्या जागी आकार द्या.

दुसऱ्यांदा आकड्यावरून परत. मी भ्रूणांचा आकडा नुसता ४८० लिहिला होता, त्यांनी ते ४८० मोठे मासे समजले. जनक मासे वेगळ्या ओळीत टाका: १२, फक्त अंड्यांसाठी, प्रयोगानंतर टाकीतच राहणार. खाली हिशोब मांडा: अर्काची ५ प्रमाणं, नुसतं पाणी, डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्राव) आणि तुलनेला कोजिक ॲसिड (रंग कमी करणारं माहितीतलं रसायन) असे ८ गट, गटात २० भ्रूण, ३ फेऱ्या. प्रयोग अंडी फळल्यापासून १२० तासांच्या आत संपेल हेही लिहा. तोवर पिल्लू पिवळ्या बलकावर जगतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा युरोपचा २०१० चा निर्देश स्वतः खाऊ लागलेल्या पिल्लांपासून लागू होतो, पण आपली समिती कुठल्या टप्प्यापासून प्राणी धरते ते अर्जाआधी विचारा. मी विचारलं नाही, आणि पुढची बैठक कधी, हे कार्यालयात कुणी धड सांगेना. शेवटी भ्रूणांचं काय करणार, हाही रकाना आहे: ट्रायकेन या माशांच्या भुलीच्या औषधाचा जास्त डोस. ते आम्लधर्मी असतं, म्हणून खाण्याच्या सोड्याने सामू (pH) ७ वर आणायचा.

बाकीचं काम सरळ. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी २४ तास हवा सोडून मगच टाकीत, क्लोरीन राहिलं तर मासे गेले. तापमान २८.५ अंश, थंडीत लाईट गेली की बेळगावात ते झपाट्याने उतरतं, हीटरला इन्व्हर्टर जोडा. संध्याकाळी दोन नर आणि एक मादी मध्ये आडपडदा घालून ठेवा, सकाळी दिवा लागताच पडदा काढा. खाली जाळी हवीच, नाहीतर आईबापच अंडी खातात.

रंगद्रव्य साधारण २४ तासांनी दिसू लागतं, म्हणून अर्क त्याआधी घाला. खरी फसगत इथे होते: अर्क विषारी असला की भ्रूणाची वाढ मागे पडते आणि तो फिकट दिसतो. आपण खूश, रंग उतरला म्हणून! लांबी, हृदयाचे ठोके आणि अंड्यातून बाहेर यायची वेळ नियंत्रण गटाशी, म्हणजे अर्क न घातलेल्या भ्रूणांशी, जुळते का बघा. जुळत नसेल तर ते प्रमाण बाद. फोटोआधी सगळे गट एकाच उजेडात ठेवा, कारण पिल्लं पार्श्वभूमी बघून काळे कण गोळा करतात किंवा पसरतात.

आणि माणसाचा रंग उजळणाऱ्या क्रीमचा दावा यावरून करू नका. माशाच्या या कातडीला केस नाहीत, तेलग्रंथी नाहीत, माणसासारखा मृत केराटिनचा थर नाही. शिवाय औषध पाण्यातून सगळ्या अंगात जातं.

मंजुरी आली. पत्रात छापलंय: "झेब्राफिश, ४८० नग, नर/मादी."