सोमवार, बुधवार, शुक्रवार

माझ्या वडिलांचे डायलिसिस सुरू होऊन आता तीन वर्षे होत आली. या काळात नातेवाईकांनी आणि शाळेतील सहकाऱ्यांनी मला आजाराविषयी, पथ्याविषयी, खर्चाविषयी पुष्कळ विचारले. पण आठवड्यातून तीनदा त्यांना नेता-आणता कसे, हे मात्र ज्या घरात असा रुग्ण आहे त्याच घरातून विचारले गेले. अशी विचारणा करणारे फोन अलीकडे वाढले आहेत, म्हणून आमचे काय जमले आणि काय फसले ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात आहे. मूत्रपिंडाचा रुग्ण नाही असे गाव या भागात शोधावेच लागेल. डायलिसिसच्या चार तासांत यंत्रातून साधारण 120 लिटर शुद्ध केलेले पाणी जाते, हे तंत्रज्ञाने सांगितले तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते; विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर त्यांचा जन्म गेला होता. डायलिसिस केंद्र आमच्या घरापासून 54 किलोमीटरवर आहे. म्हणजे जाऊन-येऊन 108, आठवड्याला तीन फेऱ्या, वर्षाला 156, आणि एकूण जवळजवळ 17,000 किलोमीटर. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे डायलिसिसचे पैसे आम्हाला द्यावे लागत नाहीत. आमचा पैसा जातो तो रस्त्यावर.

डायलिसिसची एखादी पाळी चुकली तर काय बिघडते, असे सुरुवातीला मलाही वाटत होते. पहिल्या वर्षी लग्नसराईत एका बुधवारी पहाटे साडेचारला गाडीवाल्याचा फोन आला : "मास्तर, गाडी लग्नाले लागली हाय, आज दुसरी पायजा." दुसरी मिळाली नाही. केंद्रात प्रत्येक यंत्रावर दिवसाला ठरलेले रुग्ण असतात, त्यामुळे हुकलेली पाळी दुसऱ्या दिवशी मिळेलच असे नसते. आम्हाला थेट शुक्रवार मिळाला. गुरुवारी रात्री बाबांना आडवे पडता येईना. शरीरात साचलेले पाणी फुप्फुसापर्यंत गेले होते आणि ते उशांना टेकून, तोंडाने श्वास घेत बसून राहिले. रक्तातील पोटॅशियम वाढले तर हृदय बंद पडू शकते, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. त्या रात्रीपासून गाडी हा उपचाराचाच भाग आहे असे मी धरून चालतो.

एस.टी.चा पर्याय आम्ही आधी पाहिला होता. डायलिसिसच्या रुग्णांना साध्या बसमध्ये प्रवासभाड्यात पूर्ण सवलत आहे, आणि ज्यांचे गाव हमरस्त्यावर आहे व पाळी दुपारची आहे त्यांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. शेगावहून रेल्वेने अकोल्याला जाणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला दुसऱ्या वर्गात व शयनयान डब्यात 75 टक्के सवलत मिळते, त्यांचे त्यात भागते. आमची पाळी सकाळी सातची आणि गावातून पहिली बस साडेसहाला. शिवाय खरी अडचण जाण्याची नसतेच, ती येण्याची असते. चार तासांत दोन-अडीच लिटर पाणी काढलेला माणूस उठतो तेव्हा त्याचा रक्तदाब उतरलेला असतो, पायांत गोळे येतात, आणि ज्या हातावर फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे त्या हाताने बसचा दांडा धरता येत नाही. अशा माणसाला फाट्यावर उन्हात उभे करून काळीपिवळीची वाट पाहणे मी दोनदा केले. तिसऱ्यांदा केले नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आपत्कालीन सेवेसाठी आहे, नेहमीच्या फेऱ्यांसाठी नाही. हे गावातील बऱ्याच जणांना अजूनही पटत नाही आणि दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागते.

मार्ग सापडला तो केंद्राच्या प्रतीक्षाकक्षात. आमच्याच रस्त्यावरील आणखी दोन गावांचे दोन रुग्ण तिथे येत होते, परंतु एकाची पाळी मंगळवार-गुरुवार-शनिवार होती आणि दुसऱ्या बाईंची सोमवारचीच, पण दुपारची. तीन घरे एकाच रस्त्याने तीन वेगळ्या गाड्या पळवत होती. मी तंत्रज्ञाला आणि परिचारिकेला लेखी विनंती दिली की, जागा रिकामी होईल तशी या तिघांना एकच पाळी द्यावी. त्याला अडीच महिने लागले. आधी गाडी ठरवून मग पाळी जुळवू पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की हा क्रम उलटा आहे. पाळी जुळली की गाडी मिळायला वेळ लागत नाही.

एकट्यासाठी गाडी सांगितली तेव्हा फेरीला 1,800 रुपये पडत. तिघांना घेत, थोडा वळसा घालून जाणारी इको 2,100 रुपयांत ठरली, म्हणजे महिन्याच्या 13 फेऱ्यांचे 27,300 आणि प्रत्येक घराचे 9,100. गाडी पिवळ्या पाटीचीच हवी असा आग्रह मी धरला, कारण खासगी गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. वाद झाला तो दुसऱ्याच मुद्द्यावर. मी म्हटले, भाडे फेरीवर नको, महिन्याचे ठरवून पाच तारखेच्या आत द्यायचे, आणि एखाद्या दिवशी आपला रुग्ण आला नाही तरी वाटा कापायचा नाही. दुसऱ्या घरातील मुलगा चिडला. न केलेल्या प्रवासाचे पैसे कशाला, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण चालकाच्या जागी बसून पाहिले तर फेरीवर मिळणारा पैसा म्हणजे मोडता येणारा शब्द. लग्नाचे पाच हजार समोर दिसले की तो मोडणारच. महिन्याची रक्कम हाती असली की तोच चालक लग्नाला दुसरी गाडी शोधून देतो. अखेर रुग्ण आठवडाभर रुग्णालयात दाखल असेल तर त्या आठवड्याचा अर्धाच वाटा घ्यायचा, यावर मिटले.

पर्यायी चालकाचे नाव आणि नंबर तिन्ही घरांत भिंतीवर लावलेला आहे. त्याला महिन्यातून एक फेरी मुद्दाम देतो, म्हणजे त्याला घरे, खड्डे आणि माणसे ठाऊक राहतात. गाडीच्या खणात गॉज, चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. परतताना सुईच्या जागेतून रक्त आले तर गॉज ठेवून बोटांनी दाबून धरायचे, वर फडके आवळून बांधायचे नाही, हे दोन्ही चालकांना केंद्रातच दाखवून घेतले. गाडी पहाटे पाचला आमच्या दारातून निघते आणि शेवटच्या घरातील बाईंना पावणेसहाला घेते. त्या बाई दारात खुर्ची टाकून, डबा मांडीवर घेऊन, निदान अर्धा तास आधीपासून बसलेल्या असतात.

पावसाळ्यावर मात्र मला पुरता उपाय सापडलेला नाही. जुलै 2023 च्या पुरात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांची काय दशा झाली ते इथल्या प्रत्येकाला आठवते. आता नाल्याला पाणी चढेल असे दिसले की आदल्या संध्याकाळीच तिघांना घेऊन गाडी निघते. मुक्काम माझ्या आतेबहिणीकडे असतो आणि तिच्या पुढच्या खोलीत तीन गाद्या पडतात. बाबा तिथे पाणी मोजून पितात आणि आतेबहीण आग्रहाने पुढे करते तो चहा दोन घोटांवर थांबवतात. गेल्या पावसाळ्यात असे चार वेळा झाले. दोन वेळा नाला भरला, दोन वेळा भरला नाही, आणि त्या दोन्ही वेळी दुसऱ्या घरातील मुलाने मला काही विचारले नाही.

या महिन्यात आमच्या रस्त्यावर एक चौथा रुग्ण आला आहे. त्याला मंगळवारची पाळी मिळाली आहे. विनंतीचा अर्ज मी कालच लिहून दिला.