रेल प्रेशर सेन्सर बदलायच्या आधी वायर तपासा

डिझेल गाडीला पिकअपच येईना, चेक इंजिन लाइट लागलेला, स्कॅनरवर कोड पी०१९३, म्हणजे फ्युएल रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी जास्त प्रेशरची नळी) प्रेशर सेन्सरचं सिग्नल व्होल्टेज जास्त येतंय. गॅरेजवाला म्हणे पंपच गेलाय, पण प्रेशर खरंच कमी पडत असेल तर बहुतेक पी००८७ येतो, पी०१९३ हा सर्किटचा, म्हणजे सेन्सर-वायरिंगचा कोड आहे, त्यामुळे मला काही पटेना.

सकाळी थंड गाडीत नुसती चावी ऑन करून स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचं चालू रीडिंग) बघितला. रात्रभर इंजिन बंद, म्हणजे प्रेशर शून्याच्या आसपास हवं, आणि स्क्रीनवर शेकडो बार! (इंजिन चालू असताना रेलचा नट सैल करून प्रेशर बघायला जाऊ नका प्लीज, तिथे हजार बारच्या वर जातं, डिझेलची धार कातडीत घुसते.)

सेन्सरचा सॉकेट काढून मल्टिमीटर लावला, एका पिनला ५ व्होल्ट व्यवस्थित, पण ग्राउंडच्या पिनला कंटिन्युइटीच नाही, म्हणजे वायर कुठेतरी तुटलेली, आणि ग्राउंड तुटला की सिग्नल वर चढतोच. टेप सोलली तर वायर क्लिपला घासून आत तांबं हिरवं पडलेलं. तेवढा तुकडा बदलून सोल्डर केला, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली. सेन्सर जुनाच आहे, आयडलला २५०-३०० बार स्थिर दाखवतोय.