पीपी म्हणजे नेमके काय?

लेस्टरला मुलाकडे राहायला गेलेल्या माझ्या आत्याने गेल्या हिवाळ्यात फोनवर मोठ्या समाधानाने सांगितले, की तिकडे गेल्यापासून तिची उपाशीपोटीची साखर एकदम सातवर आली आहे. पुण्यात ती सव्वाशेच्या आसपास असे; तेव्हा तिकडची हवा मानवली, असा तिचा निष्कर्ष होता. ब्रिटनमध्ये रक्तातील ग्लुकोज मिलिमोल प्रति लिटर या एककात सांगतात आणि आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. पहिल्या आकड्याला १८ ने गुणले की साधारणपणे दुसरा मिळतो. म्हणजे आत्याचे सात हे आपले १२६च होते, आणि उपाशीपोटी १२६ ही तर मधुमेहाच्या निदानाची सीमारेषा आहे. तिचा हिरमोड करणे माझ्या वाट्याला आले, कारण पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यावरच माझे पोट चालते.

सात आणि १२६ यांतला फरक माणसाला निदान दिसतो आणि तो चौकशी करतो. संगणकाला एकक सांगितले नसेल तर तो दोन्ही आकडे एकाच आलेखावर निमूटपणे मांडतो. आरोग्यक्षेत्रातील संगणकीकरणाच्या मानकांबद्दल लिहायचे मनात होते, त्याला सुरुवात म्हणून आत्याचा फोन पुरेसा आहे.

मानकाच्या आधी व्याख्या लागते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जागतिक आरोग्य परिषदेने २००५ च्या ठरावात ‘ई-हेल्थ’ म्हणजे आरोग्यासाठी माहिती-तंत्रज्ञानाचा किफायतशीर आणि सुरक्षित वापर, असे म्हटले. ही व्याख्या शब्दशः घेतली तर महागडी किंवा असुरक्षित यंत्रणा ई-हेल्थ ठरतच नाही, आणि मग आपल्याकडच्या अनेक यंत्रणांना काय म्हणावे हा प्रश्न उरतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात या एकाच शब्दाच्या ५१ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या होत्या. मला त्यापेक्षा उपयोगी वाटते ती रुग्णांच्या संगणकीय नोंदींची अमेरिकेत २००८ मध्ये केलेली विभागणी: एका संस्थेच्या आत राहणारी ती ‘मेडिकल रेकॉर्ड’, अनेक संस्थांमध्ये फिरू शकणारी ती ‘हेल्थ रेकॉर्ड’ आणि रुग्णाच्या स्वतःच्या ताब्यातली ती ‘पर्सनल हेल्थ रेकॉर्ड’. दुसऱ्या प्रकाराच्या व्याख्येतच ‘राष्ट्रीय मान्यताप्राप्त मानकांनुसार’ ही अट घातलेली आहे. ती न पाळणारी नोंद कितीही देखणी असली तरी पहिल्याच पायरीवर राहते.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा नोंदींची मानके २०१३ मध्ये पहिल्यांदा जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत आहे. मानके दोन जातींची असतात, हे मला बराच काळ कळले नव्हते. एक जात निरोप कोणत्या पाकिटातून जावा हे ठरवते. एचएल-सेव्हन आणि त्याच घराण्यातले ‘एफएचआयआर’ (उच्चार ‘फायर’) ही त्यातली. दुसरी जात पाकिटातल्या शब्दांचा अर्थ ठरवते. आजार आणि लक्षणांसाठी स्नोमेड सीटी, तर तपासण्यांसाठी लॉइंक; दोन्हींत प्रत्येक अर्थाला स्वतःचा कोड असतो. पाकिटाचे काम प्रोग्रामर चार-सहा आठवड्यांत उरकतो. अर्थाचे काम मात्र लॅबमध्ये जाऊन बसल्याखेरीज होत नाही.

लॉइंक एका तपासणीला सहा बाजूंनी पकडते: काय मोजले, कोणत्या प्रकारची राशी, कोणत्या वेळी अथवा किती काळात, कोणत्या नमुन्यात, कोणत्या मापपट्टीवर आणि गरज असल्यास कोणत्या पद्धतीने. त्यामुळे सीरम किंवा प्लाझ्मातील ग्लुकोज मिलिग्रॅमच्या हिशेबात असेल तर कोड २३४५-७, मोलच्या हिशेबात असेल तर १४७४९-६, आणि उपाशीपोटीचे मिलिग्रॅममधले असेल तर १५५८-६. आत्याचा घोटाळा या रचनेत होऊच शकत नाही, कारण तिचे दोन आकडे मुळात दोन वेगळ्या कोडांखाली येतात. आपल्या लॅबच्या यादीत मात्र ‘बीएसएल’, ‘शुगर एफ’, ‘एफबीएस’, ‘ब्लड शुगर फास्टिंग’ अशी एकाच तपासणीची चार नावे सुखाने नांदत असतात.

स्नोमेडमधील संकल्पना साडेतीन लाखांहून अधिक आहेत आणि भारत सदस्य देश असल्यामुळे ती आपल्याला विनाशुल्क वापरता येते. तिच्यात मोजता येणारा ताप आणि ताप असल्यासारखे वाटणे या स्वतंत्र संकल्पना आहेत, हे पाहून मला आनंद झाला होता, कारण दुसरी म्हणजे आपली ‘कणकण’. ‘कफ’ या शब्दाने मात्र मी हात टेकले: घरात तो छातीत साठतो, आयुर्वेदात तो दोष असतो आणि औषधाच्या दुकानात तोच इंग्रजी खोकला होतो. केस पेपरवर नुसते ‘कफ ++’ लिहिलेले असेल तर कोड निवडणाऱ्याने कोणावर विश्वास ठेवायचा?

आरोग्यनोंदी एकमेकींना जोडणारे सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झाल्यापासून आभा हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक अनेकांकडे आला आहे. त्याच्याशी जोडायच्या नोंदी फायरच्या साच्यात असाव्या लागतात. पण त्या साच्यांत स्कॅन केलेला जुना कागद जसाच्या तसा ठेवण्याचीही सोय आहे. ही सवलत मी चूक मानत नाही, कारण कोणाच्याही वीस वर्षांच्या फायली पुन्हा टंकित होणार नाहीत. तरीही पाकीट मानकाप्रमाणे आणि आत डॉक्टरांच्या अक्षराचा फोटो, अशी नोंद यंत्रासाठी कोरीच असते.

गेल्या महिन्यात एका लॅबची यादी लॉइंकशी जुळवताना ‘पीपी’च्या (पोस्ट-प्रँडियल, शब्दशः जेवणानंतरची साखर) ओळीवर अडलो. जेवणानंतर दोन तासांनी घेतलेले रक्त आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेले रक्त, यांना निरनिराळे कोड आहेत. तिथल्या डॉक्टर मॅडमना विचारले, “तुमच्याकडे पीपी म्हणजे जेवण की ग्लुकोज?” त्या म्हणाल्या, “डबा आणला असेल तर जेवण, नसेल तर ग्लुकोज.” रिपोर्टवर दोन्ही वेळा ‘पीपी’ एवढेच छापले जात होते. आता नोंदणीच्या खिडकीवर डब्याबद्दल विचारणारा एक रकाना वाढवला आहे, आणि जुन्या सगळ्या ‘पीपीं’पुढे कोडाची जागा मी रिकामी सोडली आहे.