तुम्ही विचारलंत म्हणून: शांत बसलं की पृथ्वी फिरताना जाणवते का?

हा प्रश्न मला नेहमी रांगेतला शेवटचा माणूस विचारतो. आकाशदर्शनाच्या रात्री मी दुर्बिणीपाशी उभा असतो. लोक येतात, शनीची कडी बघतात, "आत चित्र तर चिकटवलं नाहीये ना?" असं विचारून हसतात आणि पुढे सरकतात. सगळे पांगले की एखादा मागे रेंगाळतो. आवाज जरा खाली आणतो. "एक विचारू? ध्यान खूप खोल लागलं तर पृथ्वीचं फिरणं जाणवतं म्हणतात. मला एकदा जाणवलंय. खरं असेल का ते?"

अंधारात, उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून जरा बैजवार लिहितो.

आधी माझी कबुली. मलाही जाणवलं होतं. दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिरात होतो, पाचवा की सहावा दिवस. पहाटेची बैठक. पाय कुठे संपतात आणि जमीन कुठे सुरू होते ते कळेनासं झालं होतं, आणि मग सगळं शरीर एका प्रचंड, अतिशय संथ वर्तुळात फिरतंय असं वाटायला लागलं. भोवळ नव्हती, मळमळ नव्हती. उलट इतकं भव्य वाटत होतं की मनात पहिला शब्द आला तो 'पृथ्वी' हाच. मौन होतं म्हणून बरं, नाहीतर मी तेव्हाच चार लोकांना सांगून बसलो असतो.

नंतर स्वतःला एक साधा प्रश्न विचारला, तोच आता मी त्या शेवटच्या माणसालाही विचारतो: कुठल्या बाजूला फिरत होतं?

इथे बहुतेक जण थबकतात. कुणी म्हणतं पुढे-मागे, कुणी म्हणतं उजवीकडून गोल, कुणी म्हणतं वर खेचल्यासारखं. पण पृथ्वीचं फिरणं असं मर्जीवर नाही, ते ठरलेलं आहे. उत्तर गोलार्धात कुठेही बसा, तोंड कुठल्याही दिशेला करा, पृथ्वीबरोबर तुम्ही सतत डावीकडे वळत असता. दक्षिण गोलार्धात उजवीकडे. विषुववृत्तावर हे वळणं शून्य. शिवाय दुसरी एक गती आहे, ती विषुववृत्तावर सगळ्यात जास्त आणि ध्रुवांवर शून्य: पूर्वेकडे तोंड असेल तर तुम्ही पुढे झुकत असता, पश्चिमेकडे असेल तर मागे कलंडत असता. विषुववृत्तावर पूर्वेकडे तोंड करून उभा असलेला माणूस चोवीस तासांत एक अख्खी कोलांटी घेतो. तेव्हा ज्याला खरोखर जाणवतंय त्याला डोळे बांधून, चार गिरक्या देऊन बसवलं तरी पूर्व कुठे ते बोट करून सांगता यायला हवं. मी माझ्या त्या पहाटेच्या वर्तुळाची दिशा आठवून पाहिली. ते उजवीकडे फिरत होतं. बैठक उत्तर गोलार्धातली.

आता यात आपली चूक काय आणि शरीराची मर्यादा काय, ते वेगळं करायला हवं. फिरणं ओळखायचं काम आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांचं. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव जरा मागे राहतो, आणि वाटेतला जेलीसारखा एक पडदा वाकतो. तो वाकला की मेंदूला खबर जाते. पण तुम्ही एकाच वेगाने फिरत राहिलात तर द्रवही नळीच्या वेगाने फिरायला लागतो, पडदा सरळ होतो आणि खबर बंद. हे घरच्या घरी बघता येतं. मी चाकांच्या फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसलो आणि कुणालातरी एकाच लयीत गोल फिरवायला सांगितलं. पहिले काही सेकंद छान कळलं. मग वाटलं, हा हळू करतोय. मग वाटलं, थांबला. मी म्हणालो, "फिरव की!" तर तो फिरवतच होता. आणि खरा थांबला तेव्हा मी उलट्या दिशेने भिरभिरायला लागलो.

थोडक्यात, कानाला फिरणं कळत नाही, फिरण्यातला बदल कळतो. पृथ्वी तर आपण जन्मायच्या आधीपासून त्याच लयीत फिरते आहे.

बरं, बदलाचं सोडा. वेग तरी पकडण्याइतका आहे का? विषुववृत्तावर ताशी सुमारे १६७० किलोमीटर हा आकडा ऐकला की छाती दडपते, पण शरीराला किलोमीटर कळत नाहीत. वळणं कळतं. आणि वळण्याचा हिशेब केला तर पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. घड्याळाचा तासकाटा तासाला ३० अंश फिरतो, म्हणजे पृथ्वीच्या दुप्पट. तासकाट्याकडे टक लावून बसलं तरी तो हलताना दिसत नाही, आणि त्याच्याही निम्म्या वेगाच्या काट्यावर बसून आपल्याला तो फिरताना जाणवावा अशी अपेक्षा आहे! सेकंदाला साधारण अर्धा ते एक अंश एवढं वळणं माणसाला डोळे मिटून जेमतेम ओळखता येतं. पृथ्वीचं वळणं सेकंदाला ०.००४ अंश. शंभर-दोनशे पटींचा फरक पडतो.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो, आणि तो फालतू नाही: "पण ध्यानात जाणीव सूक्ष्म होते ना? एरवी न कळणाऱ्या गोष्टी कळतात." कळतातच. बोटांच्या टोकांमधली नाडी, नाकपुडीच्या कडेवरचा श्वास, हे मी स्वतः अनुभवलंय. पण या गोष्टींची खबर मेंदूपर्यंत एरवीही येत होती, आपलं लक्ष नव्हतं. कान दिला म्हणून ऐकू आलं. जिथे आवाजच निघालेला नाही तिथे कितीही कान दिला तरी काय ऐकू येणार?

सूर्याभोवतीच्या फिरण्याचं तर विचारूच नका. सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने आपण जातोय, पण पृथ्वी आणि आपण दोघंही सूर्याकडे एकत्र पडत असतो. अवकाशस्थानकातला अंतराळवीर तरंगतो, त्याला पडणं जाणवत नाही, तसंच हे. तिथे माणसाचा कान सोडा, यंत्रालाही आतल्या आत 'जाणवण्यासारखं' जवळजवळ काही उरत नाही. स्वतःभोवतीच्या फिरण्याचा मात्र शरीरावर थोडा परिणाम होतो. विषुववृत्तावर ७० किलोच्या माणसाचं वजन त्या फिरण्यामुळे साधारण पाव किलोने कमी भरतं. पण तेही कायमचंच, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

मग त्या पहाटे मला जाणवलं ते काय होतं?

पुढच्या बैठकीत मी जरा लबाडी केली. (नियमात बसत नव्हतं.) वर्तुळ सुरू झाल्यावर मनगटावर बोट ठेवलं. मोठ्या संथ वर्तुळाच्या आत एक बारीक हेलकावा होता, तो नाडीबरोबर जुळत होता. आणि वर्तुळ स्वतः श्वासाच्या मागे मागे चाललं होतं. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त वर फेकतं, तेव्हा उरलेल्या शरीराला उलटा हलकासा धक्का बसतो. १८७७ साली जे. डब्ल्यू. गॉर्डन यांनी याची नोंद केली होती: स्प्रिंगच्या वजनकाट्यावर माणूस अगदी निश्चल उभा असला तरी काटा नाडीच्या ठोक्यागणिक थरथरतो. जुना काट्याचा वजनकाटा मिळाला तर उभं राहून बघा, काटा खरंच कधी स्वस्थ बसत नाही. डोळे मिटलेले, आजूबाजूला आवाज नाही, कातडीला तोच तो स्पर्श सवयीने जाणवेनासा झालेला. अशा वेळी हे बारीकसं डोलणं मोजायला मेंदूकडे पट्टीच नसते. मग ते केवढंही मोठं होऊ शकतं. माझं पृथ्वीएवढं झालं.

हे कळल्यावर मी थोडा हिरमुसलो, खोटं कशाला सांगू. पण माझंच हृदय मला हलवत होतं, हेही काही कमी नवलाचं नाही.

रांगेतले काही जण दुसऱ्या वाटेने याच प्रश्नाकडे येतात: "चार पेग झाले की जाणवते!" याचं उत्तर त्यांना अपेक्षा नसते इतकं सरळ आहे. दारू पाण्यापेक्षा हलकी. ती कानातल्या त्या पडद्यात आधी शिरते, भोवतीच्या द्रवात उशिरा. तेवढा वेळ पडदा द्रवापेक्षा हलका होतो, आडवं झालं की वर तरंगू बघतो, वाकतो, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना जड पाणी (म्हणजे नेहमीच्या पाण्यापेक्षा जास्त वजन भरणारं पाणी) प्यायला दिलं, तर उलट्या दिशेचा परिणाम झाला. पृथ्वीचा यात काहीही संबंध नाही. ती बिचारी आपली तासाला १५ अंशच चालली आहे.

डोळेही असेच फसवतात. काळ्या आकाशात एकट्या ताऱ्याकडे टक लावलीत तर तो थोड्या वेळाने डुलायला लागतो. १७९९ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांना हे दिसलं आणि तारेच हलतात असं त्यांना वाटलं. एवढा कसलेला निरीक्षक! अंधारात आजूबाजूला आधाराला काही नसलं की स्थिर ठिपकाही हलताना भासतो. माझ्याकडे येणारे काही जण हा अनुभव 'पृथ्वी हलताना पाहिली' म्हणून सांगतात. तो तारा इकडेतिकडे भरकटतो. पृथ्वी भरकटत नाही.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये नावेचा दाखला दिला होता. नाव पुढे चाललीय आणि आत बसलेल्याला काठावरची स्थिर वस्तू मागे जाताना दिसते. तसेच तारे स्थिर असून पश्चिमेकडे जाताना दिसतात. वराहमिहिराला हे पटलं नाही. असं असेल तर आभाळात उडालेली घार घरट्यात परत कशी येईल, हा त्याचा सवाल. (हवाही बरोबर फिरते, हे तेव्हा कुणी त्याला सांगायला हवं होतं.) मला या वादात एक गंमत दिसते: नावेतल्या माणसाला नाव चालल्याचं कळतं ते बुडाखालच्या फळीवरून नाही, काठावरच्या झाडांवरून. ज्ञानेश्वरांच्या चौथ्या अध्यायातही नावेतून पळताना दिसणारी झाडं आहेत आणि न चालणाऱ्या सूर्याचं चालणंही आहे. बाहेर बघा, असंच सगळे सांगतायत. आणि आपण डोळे मिटून आत शोधतोय.

फ्रेंच शास्त्रज्ञ लिओं फुको यांनी फेब्रुवारी १८५१ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत लोकांना आपला लंबक बघायला बोलावलं तेव्हा निमंत्रणात पृथ्वी फिरताना 'पाहायला' या, असं म्हटलं होतं. पुढच्या महिन्यात पॅरिसमधल्याच पँथिऑन या इमारतीच्या घुमटाखाली ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा लटकला. खालची जमीन वळत असल्यामुळे वाळूवर त्याची रेघ दर फेरीला जरा जरा सरकायची, पाच मिनिटांत जेमतेम एक अंश. त्या घुमटाखाली उभ्या असलेल्या कुणाच्याही कानाला काही कळलं नव्हतं. वाळूला कळलं होतं.

माझ्याकडे लंबक नाही, पण मोटर नसलेली दुर्बीण आहे. सव्वाशे पट मोठं दाखवणारी भिंग-नळी लावली आणि शनी मधोमध आणून ठेवला की तो लगेच सरकायला लागतो. पाऊण मिनिटात कडेला, आणि गेला. लोक दचकतात. "अहो, हलली वाटतं! माझा धक्का लागला का?" मी म्हणतो, धक्का नाही लागला, पण हलली हे खरं. दुर्बीण, तिपाई, तुम्ही, मी, जमीन, सगळं वळलं. मग मी शनीला बाहेरच राहू देतो आणि त्यांना रिकाम्या वर्तुळाकडे बघायला सांगतो. एखादा तारा एका कडेने येतो, मधून जातो, दुसरीकडे नाहीसा होतो. सगळे एकाच वाटेने, एकाच चालीने. शनीच्या कड्यांपेक्षा हे बघून गप्प झालेली माणसं मी जास्त पाहिली आहेत.

दुर्बीण नसेल तर भिंत चालते. उताणं पडायचं, डोकं हलणार नाही असं टेकवायचं आणि पश्चिमेकडच्या भिंतीच्या सरळ कडेजवळचा एक तारा धरायचा. वाट बघायची. तारा कडेला भिडतो आणि फुंकर मारल्यासारखा विझतो. वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तिथेच, तसेच झोपा. तो चार मिनिटं आधी विझेल, कारण ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते.

आणि हे करताना कधीतरी, बळेच नाही, एक गोष्ट घडते. तारा खाली येतोय असं दिसत असतं आणि एकदम ते उलटतं. तारा थांबतो, भिंत वर चढायला लागते. पाठीखालची जमीन भिंतीसकट मागे कलंडतेय असं दिसतं. पाच-सहा सेकंद टिकतं, की परत तारा चालायला लागतो. इतक्या वर्षांत माझ्या बाबतीत हे तीन-चार वेळाच झालंय. कानाने काही पकडलं नव्हतं, ते मला ठाऊक आहे. दिशा मात्र या वेळी बरोबर होती. पहिल्या वेळी भानावर आलो तेव्हा मी दोन्ही हातांनी चटईची कड घट्ट धरलेली होती.